एका संघाची वयं

गेल्या हिवाळ्यात ताईकडे जेवायला बसलो होतो तेव्हा भाच्याने आमटीच्या पातेल्याशेजारी एक कागद आणून ठेवला. वहीचं फाडलेलं पान, कडेची स्पायरलची दातेरी किनार तशीच, आणि वर त्याच्या गिचमिड अक्षरात तीन नावं. राल्फ हॉर्वीन, १००. एस पार्कर, १०१. चार्ली ट्रिपी, १००. तिघंही प्रोफेशनल फुटबॉल खेळलेले, आपला पायाने खेळायचा नव्हे, इथला, अंगावर धावून जायचा. "आई, यांच्याकडे तर धड हेल्मेटपण नव्हती, तरी शंभर वर्षं जगले. आणि तू म्हणतेस डोक्याला लागेल." भाचा आठवीत आहे, त्याला टॅकल फुटबॉल, म्हणजे समोरच्याला धरून पाडायचा तो, खेळायचाय आणि ताई फॉर्मवर सही करत नाहीये, हे भांडण त्या घरात बरेच महिने चाललंय. भावोजींनी कागद हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, पॉइंट आहे हां त्याचा. ताईने त्याच्या ताटात पोळी वाढली आणि काहीच बोलली नाही. मग त्याने माझ्याकडे मान वळवली, "मावशी, तू सांग."

मी "आधी जेव" म्हटलं आणि विषय तेवढ्यावर थांबला, पण तो कागद काही डोक्यातून जाईना. शिकागोच्या आसपास इतकी वर्षं काढल्यावर फुटबॉल मला परका राहिलेला नाही. नोव्हेंबरातली रविवार दुपार, शेजारच्यांच्या ग्रिलचा धूर, खिडकीच्या फटीतून येणारी बोचरी हवा, आणि टीव्हीवर बेअर्सची, म्हणजे शिकागोच्या संघाची, मॅच. दोन माणसं समोरासमोर आदळली की जो एक कोरडा ठक्क आवाज येतो ना, त्याने अंगावर काटा येतो आणि पुढचा आवाज कधी येतोय याची वाट पण बघितली जाते. खेळ सुंदर आहे. बावीस माणसांची हालचाल आधी कागदावर आखलेली असते, मग कोणीतरी एकजण ती आखणी मोडून मोकळ्या जागेत पळत सुटतो आणि आपण सोफ्यावरून उठून उभे राहतो. हे मला मनापासून आवडतं. आणि ज्याला कडेवर घेऊन फिरले त्या पोराच्या डोक्यातून तसा ठक्क आवाज यावा हे मला बघवणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्या कागदाने नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं.

माझ्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं तेव्हा मी साधारण भाच्याच्याच वयाची होते. अंगणात मांडव, औक्षणाच्या दिव्यांची धग, कपाळावर चिकटलेल्या अक्षता, आणि आलेला प्रत्येक माणूस वाकून नमस्कार करून एकच विचारत होता, नाना, तब्येतीचं गुपित काय? कोणी म्हणे पहाटे उठणं, कोणी म्हणे ताक. नाना सगळ्यांना हसून मान डोलवत होते. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मात्र ते ओटीवर बसून शाळेतल्या वर्गमित्रांची नावं घ्यायला लागले. हा पटकीत गेला, हा विहिरीत पडला, हा मुंबईला गेला तो परत आलाच नाही. बोट एकेका पेरावर ठेवत नावं मोजत होते. सबंध दिवसात त्यांना खरं बोलावंसं वाटलं ते एवढंच असावं. भाच्याची यादी बघून मला पहिल्यांदा ते आठवलं.

तीन नावं. त्यांच्याबरोबर खेळलेले बाकीचे कुठे गेले?

म्हणून मग मी वाचायला बसले. पहिला राल्फ हॉर्वीन. जन्म १८९६, शिकागोचाच. हा आणि याचा धाकटा भाऊ आर्नल्ड दोघं हार्वर्डकडून खेळले. १ जानेवारी १९२० च्या रोझ बोलमध्ये, म्हणजे कॉलेज संघांच्या नववर्षाच्या मानाच्या मॅचमध्ये, हार्वर्डने ओरेगनला ७-६ असं हरवलं आणि त्यातला तो एक जास्तीचा पॉइंट आर्नल्डच्या किकचा. पुढे दोघं शिकागो कार्डिनल्समध्ये आले, पण हॉर्वीन नावाने नाही तर मॅकमेहन नावाने. पैसे घेऊन फुटबॉल खेळणं तेव्हा चांगल्या घरच्यांचं काम समजत नसत, आणि घरी कळू नये म्हणून नाव बदललं असं सांगतात. नंतर राल्फ कायदा शिकून पेटंटचा वकील झाला आणि मे १९९७ मध्ये वारला. एनएफएल, म्हणजे इथली फुटबॉलची सगळ्यात मोठी प्रोफेशनल लीग, खेळलेला आणि शंभरी गाठलेला हा पहिला माणूस. पण मला त्याच्या वयापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने धरून ठेवलं. त्यांच्या वडिलांचा शिकागोत १९०५ पासून कातडी कमावण्याचा कारखाना होता, तो अजून आहे, आणि एनएफएलच्या बॉलचं चामडं अजून तिथूनच जातं. मुलांनी ज्या घरापासून नाव लपवून बॉल हातात घेतला त्याच घराचं चामडं आज प्रत्येक मॅचमध्ये खेळाडूंच्या हातात असतं.

भाच्याकडे एक चांगला चामड्याचा बॉल आहे, वाढदिवसाला मिळालेला. पुढच्या वेळी गेले तेव्हा तो मी पहिल्यांदा नीट हातात घेऊन बघितला. चार पाकळ्या, टोकाशी निमुळत्या होत गेलेल्या, आणि सगळ्या अंगावर बारीक बारीक दाणे, कारल्याच्या पाठीसारखे, पण हाताने दाबले की कडक. हे दाणे मुद्दाम उठवलेले असतात, घामाने किंवा पावसाने बॉल निसटू नये म्हणून. एनएफएलचे बॉल ओहायोत एडा नावाच्या छोट्या गावात शिवतात, आतली बाजू बाहेर ठेवून, मग वाफ देऊन चामडं नरम करतात आणि कामगार हाताच्या जोराने तो उलटा करून सुलटा करतो. नंतर आत फुगा घालून वरून लेस ओवायची. भाच्याच्या बॉलवर लेसच्या शेजारी चामडं काळपट झालं होतं, रोज बोटं तिथेच पडतात म्हणून. एकटाच अंगणात तो बॉल वर फेकतो आणि झेलतो. नाकाशी नेला तर नवीन चपलेच्या दुकानात येतो तसा वास, त्यात थोडा घामाचा. त्या पोराला हा खेळ किती हवाय ते मला त्याच्या बोलण्यापेक्षा त्या काळपट चामड्यावरून जास्त कळलं.

एस पार्करबद्दल थोडक्यात सांगते. जन्म १९१२, व्हर्जिनियातलं पोर्ट्समथ, आणि शेवट पण तिथेच, नोव्हेंबर २०१३ मध्ये. हॉल ऑफ फेममधला, म्हणजे फुटबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीतला, शंभरी ओलांडणारा पहिला खेळाडू. ब्रुकलिन डॉजर्स नावाचा फुटबॉलचा संघ तेव्हा होता, त्यात खेळायचा, आणि जोडीला मेजर लीगमध्ये बेसबॉल पण. बेसबॉलमध्ये पहिल्यांदाच बॅट हातात घेऊन उभा राहिला आणि होमरन मारला. १९४० मध्ये घोट्याचं हाड मोडलेलं असताना पायाला ब्रेस बांधून खेळला आणि त्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आज कोणी असा खेळला तर डॉक्टर, वकील, टीव्हीवाले सगळे धावत येतील. तेव्हा त्याचं कौतुकच झालं, आणि वाचताना मलाही कौतुकच वाटलं, हेही सांगायला हवं.

पण या तिघांत माझा जीव अडकला तो चार्ली ट्रिपीमध्ये.

पेनसिल्व्हेनियातल्या पिट्स्टन नावाच्या कोळशाच्या गावातला, खाणकामगाराचा मुलगा. जन्म डिसेंबर १९२१. जॉर्जिया विद्यापीठाकडून खेळला, मध्ये युद्ध आलं, एअर फोर्समध्ये जाऊन आला, आणि १९४७ मध्ये शिकागो कार्डिनल्सने त्याला चार वर्षांसाठी एक लाख डॉलर देऊन घेतलं, त्या काळात डोळे पांढरे व्हावेत अशी रक्कम. तो पळायचा, पास झेलायचा, पास टाकायचा, किक मारायचा आणि उलट्या बाजूने बचावाला पण उभा राहायचा. वजन फक्त ८४ किलोच्या आसपास. आज लाइनमध्ये जे समोर उभे असतात ते एकेक १४० किलोचे असतात. पळून, झेलून आणि फेकून, तिन्ही प्रकारांत हजार हजार यार्ड काढणारा हॉल ऑफ फेममधला तो एकटाच.

त्याची सगळ्यात गाजलेली मॅच २८ डिसेंबर १९४७ ची, चॅम्पियनशिपची फायनल, फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध, शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये. मैदान गोठून दगड झालेलं. तळव्याला खिळे असलेले बूट त्या बर्फात रुततच नव्हते म्हणून कार्डिनल्सनी बास्केटबॉलचे रबरी बूट घातले. ट्रिपीने आधी ४४ यार्ड पळून टचडाउन केला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला, आणि मग एक पंट, म्हणजे समोरच्यांनी लाथेने लांब मारलेला बॉल, झेलून ७५ यार्ड पळाला, मध्ये पाय घसरला, सावरला, परत घसरला, परत सावरला, आणि तसाच शेवटपर्यंत पोचला. मॅच २८-२१. कार्डिनल्स नंतर शिकागो सोडून सेंट लुइसला गेले, तिथून ॲरिझोनाला गेले, पण चॅम्पियनशिप मात्र त्या दिवसानंतर आजपर्यंत मिळालेली नाही.

मी ती जागा बघायला गेले. रेड लाइनने ३५ व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरायचं. कोमिस्की पार्क १९९१ मध्ये पाडलं, शेजारी नवं बेसबॉल स्टेडियम उभं राहिलं आणि जुन्याच्या जागेवर पार्किंग लॉट आहे. जुनं होम प्लेट, म्हणजे बेसबॉलमध्ये बॅट घेऊन उभं राहायची जागा, जिथे होतं तिथे जमिनीत खूण बसवलीय. डिसेंबरच होता, हंगाम नाही म्हणून गाड्या नाहीत, मीठ टाकून टाकून डांबर पांढुरकं झालेलं, आणि वारा असा की डोळ्यांतून पाणी वाहून कानापर्यंत जात होतं. बूट घसरत होते माझे. मी सावकाश, हात पसरून तोल सांभाळत चालत होते आणि मनात आलं की याच गारठ्यात, याच जमिनीवर एक माणूस जीव खाऊन ७५ यार्ड पळाला आणि मागे अकराजण त्याला आडवा करायला धावत होते. तिथे उभं राहून मला एकट्या ट्रिपीचा विचार करता येईना. त्याला वाट करून देणारे होते की कोणीतरी. त्यांचं काय झालं?

घरी येऊन त्या एका संघाची वयं काढली.

मालक चार्ल्स बिडविल, ज्याने ट्रिपीला एवढे पैसे देऊन आणलं, तो एप्रिल १९४७ मध्येच गेला, आपला संघ जिंकलेला त्याने बघितला नाही. पंटर जेफ बर्केट २६ वर्षांचा. लॉस एंजेलिसला मॅचसाठी गेले असताना त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं म्हणून तो मागे राहिला, नंतर एकटा विमानाने परत यायला निघाला आणि ते विमान ऑक्टोबर १९४७ मध्ये युटात ब्राइस कॅन्यनपाशी कोसळलं. म्हणजे त्या डिसेंबरच्या फायनलला ड्रेसिंग रूममध्ये ती एक जागा रिकामी होती. स्टॅन मॉल्डिन, टॅकल, लाइनमधला धिप्पाड गडी. फायनल जिंकून नऊ महिने झाले नाहीत तोच, २४ सप्टेंबर १९४८ ला, हंगामाच्या पहिल्याच मॅचनंतर, त्याच कोमिस्की पार्कच्या ड्रेसिंग रूममध्ये तो कोसळला आणि गेला. हार्ट अटॅक. वय २७. समोर परत ईगल्सच होते आणि मॅच कार्डिनल्सनीच जिंकली होती. त्याचा ७७ नंबर त्यानंतर संघात कोणालाच दिलेला नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, पॉल क्रिस्टमन ५१ व्या वर्षी गेला. पॅट हार्डर ७० व्या. फायनलमध्ये सत्तर सत्तर यार्ड पळून दोन टचडाउन करणारा एल्मर अँग्समन ७६ व्या. मार्शल गोल्डबर्ग ८८ व्या. आणि ट्रिपी ऑक्टोबर २०२२ मध्ये, १०० पूर्ण करून.

२६, २७, ५१, ७०, ७६, ८८, १००.

एकाच संघातली, एकाच हंगामात खेळलेली माणसं. यातला एक आकडा उचलून यादीत टाकला की फुटबॉल निरुपद्रवी वाटतो आणि दुसरा उचलला की खुनी वाटतो. आणि मॉल्डिन गेला तेव्हा त्याच संघात ट्रिपी होता, २६ वर्षांचा. पुढची चौऱ्याहत्तर वर्षं तो ती संध्याकाळ आठवत जगला असेल की नाही मला माहीत नाही, पण शंभरी गाठलेल्या माणसाला लोक आहार आणि व्यायाम विचारतात, स्टॅन कसा होता हे विचारत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आता शास्त्र काय म्हणतं तेही बघू, कारण भाचा मोठा झाल्यावर ते शोधणारच आहे. अमेरिकन सरकारची कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी एक संस्था आहे, नायॉश. त्यांनी १९५९ ते १९८८ या काळात किमान पाच हंगाम एनएफएल खेळलेल्या ३,४३९ जणांचा पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. त्याच वयाच्या सर्वसाधारण अमेरिकन पुरुषांच्या हिशोबाने यातले ६२५ जण मरायला हवे होते, प्रत्यक्षात ३३४ गेले होते. म्हणजे जवळपास निम्मेच! भाच्याच्या हातात हे पडलं तर तो नाचेल. पण याच ३,४३९ जणांवर त्याच वर्षी दुसरा पेपर आला. मेंदूच्या झिजेच्या आजारांनी होणारे मृत्यू यांच्यात तिपटीने जास्त, आणि अल्झायमर व एएलएस (हळूहळू स्नायू निकामी करत नेणारा मज्जातंतूंचा आजार) या दोन आजारांचे तर चौपट. हे दोन्ही पेपर शेजारी ठेवले की काय करायचं ते सुचेनासं होतं. एनएफएलपर्यंत पोचणारा माणूस मुळातच तगडा, सिगरेट कमी ओढणारा, त्यामुळे तो जास्त जगणारच. आणि त्या जास्तीच्या वर्षांत डोकं मात्र साथ सोडण्याची शक्यता वाढलेली. दुसऱ्या बाजूचा २०१७ चा तो आकडा पण सगळीकडे फिरतो, १११ एनएफएल खेळाडूंचे मेंदू तपासले तर ११० मध्ये सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारा मेंदूच्या झिजेचा आजार, सापडला. तोही तसाच जपून घ्यायला हवा, कारण ज्या घरांनी आपल्या माणसाची अवस्था डोळ्यांनी बघितली होती त्यांनीच बहुतेक करून मेंदू दान केले. चाळणीतून खाली काय पडलं ते न बघता वर राहिलेलंच मोजायचं, ही चूक भाच्याच्या यादीत आहे आणि त्याच्या आईच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या आकड्यात पण.

ट्रिपीला सुद्धा लागलं नव्हतं असं नाही. १९५५ मध्ये एका सराव सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टी-नायनर्स संघातल्या जॉन हेन्री जॉन्सनने त्याला बाजूने, नजरेच्या टप्प्याबाहेरून असं काही हाणलं की नाकाचा चुरा झाला, डोळ्यामागचं हाड सरकलं, मेंदूला धक्का बसला, चेहऱ्याची प्लास्टिक सर्जरी करावी लागली. हेल्मेटला पुढे चेहऱ्यावर जाळी लावायची पद्धत तेव्हा नुकती कुठे सुरू होत होती. त्याच वर्षी त्याचा खेळ संपला. आणि ज्याने हाणलं त्या जॉन्सनचं काय? तोही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला, म्हातारपणी अल्झायमरने ग्रासला, २०११ मध्ये ८१ व्या वर्षी गेला, आणि घरच्यांनी त्याचा मेंदू संशोधनासाठी द्यायचं ठरवलं. मार खाणारा शंभर वर्षं जगला, आणि मारणाऱ्याच्या मेंदूचे काप काचेवर जायची वेळ आली. यातून काय शिकायचं? मला तर यातून एकच कळतं, की तो धक्का दोघांच्याही डोक्यात गेला होता. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, आतला मेंदू हलायचा थांबवत नाही.

जगणं लांबलं म्हणजे काय होऊ शकतं ते जॉन मॅकीच्या घरी दिसलं होतं. बाल्टिमोर कोल्ट्सचा टाइट एंड, पाठीवर तिघंजण लटकलेले असले तरी पळत सुटायचा असा माणूस, खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष झालेला. साठीच्या आसपास त्याला डिमेंशियाने गाठलं. बायको सिल्व्हिया यांनी एनएफएलच्या कमिशनरला पत्र लिहून कळवलं की हा आजार म्हणजे हळूहळू मेंदू नासवणारा आणि सांभाळणाऱ्यालाही मारणारा भयंकर प्रकार आहे, आणि त्यातून २००७ मध्ये डिमेंशिया झालेल्या माजी खेळाडूंच्या सेवाशुश्रूषेसाठी वर्षाला ८८,००० डॉलरपर्यंत देणारी योजना निघाली. ८८ का, तर मॅकीचा जर्सी नंबर ८८. तो २०११ मध्ये गेला, ६९ वर्षांचा. आणि रेडर्सचा सेंटर जिम ऑटो, सत्तरच्या वर ऑपरेशनं, २००७ मध्ये उजवा पाय कापावा लागला, तरी २०२४ पर्यंत जगला, ८६ वर्षं. यादीत लिहायचं तर ६९ आणि ८६. सिल्व्हियाबाईंच्या रात्री त्या ६९ मध्ये मावत नाहीत आणि ऑटोचा पाय त्या ८६ मध्ये दिसत नाही. मला लांब आयुष्याचं मोल कमी करायचं नाहीये. आमच्या घरात नानांच्या पाया पडायला रांग लागली होती ती खरीच होती. ट्रिपीचा फोटो बघते तेव्हा आनंदच होतो, की एवढं सोसून हा माणूस शंभर वर्षं या पृथ्वीवर होता. फक्त त्या आनंदाचा पुरावा करून तेरा वर्षांच्या मुलाच्या फॉर्मला जोडू नये असं मला वाटतं.

हे सगळं मी भाच्याला गाडीत सांगितलं. ताईला उशीर होणार होता म्हणून त्याला शाळेतून आणत होते. संघाची वयं ऐकून घेतली त्याने, मॉल्डिनचं ऐकताना तर बॉल फिरवायचा पण थांबवला. मग म्हणाला, "पण मावशी, एकाचं प्लेन क्रॅश झालं आणि एकाचं हार्ट. ते फुटबॉलमुळे नाही झालं. सो दे डोन्ट काउंट." बरोबर होतं त्याचं. मी म्हटलं, मग ट्रिपीची शंभर वर्षं तरी फुटबॉलमुळे झाली का? ती पण नको मोजायला. तो खिडकीबाहेर बघत बसला आणि पुढच्या सिग्नलला म्हणाला, मग कोणाला मोजायचं? त्याला मी सांगितलं की जे डोक्याला लागून विसरायला लागले त्यांना मोजायचं, आणि जे नाही विसरले त्यांनाही मोजायचं, सगळ्यांना, आणि ते काम चालू आहे, अजून पूर्ण झालेलं नाही. "म्हणजे मी मोठा होईपर्यंत कळेल?" कदाचित, म्हटलं. त्याला कदाचित आवडत नाही.

सध्या तो फ्लॅग फुटबॉल खेळतोय, म्हणजे पाडायचं नाही, कमरेची पट्टी खेचायची. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ असणार आहे हे सांगून भावोजींनी त्याला राजी केलं, पूर्ण राजी नाहीच. या विषयावर काम करणारं कन्कशन लेगसी फाउंडेशन (आताचं नाव कन्कशन अँड सीटीई फाउंडेशन) म्हणतं की चौदाच्या आधी टॅकल नको, वाढता मेंदू आणि वाढती मान, दोघांनाही वेळ द्या. ताईने तेच धरून ठेवलंय आणि मी तिच्या बाजूने आहे, हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. मार्चमध्ये तो चौदाचा होईल, तेव्हा फॉर्म परत टेबलावर येणार आणि या वेळी त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त आकडे असतील, कारण परवाच त्याने विचारलं की १९४७ च्या ईगल्सची वयं कुठे मिळतील.

मी म्हटलं, बसू शोधत दोघं.